मुळाशीं खणून पाहा

(शास्त्रपाठ : लूक 13:1-9)



अड्याळच्या बाजूस पुष्कळांच्या परसांत कागदी लिंबाचें एखादें झाड असतें. फळांनीं लवलेलें तें झाड पावसाळा सरतां सरतां पिवळें पडतें, शेंड्याकडून फांद्या वाळूं लागतात, आणि पाहतां पाहतां उभें झाड वठून जातें. अशा वेळीं घरांत पहिला प्रश्न उठतो तो हा कीं, हें कोणी केलें? मग दृष्ट लागली, करणी झाली, अशी कुजबुज सुरू होते, आणि एखाद्या एकाकी विधवेचें नांव पुढें येतें. कोणी असेंही म्हणतो कीं, त्या घरच्या पापाबद्दल देवानें हें शासन केलें.

प्रभूपुढें असाच प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा मनुष्यें मेलीं. तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय? प्रभूनें तें साफ नाकारलें, ऐकणाऱ्यांस स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळविलें, व लागलीच अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला. त्यांतील माळी कोणावर आळ घेत नाहीं. तो मुदत मागतो, आणि झाडाभोवतीं खणण्याचें पत्करतो.

तर आपणही खणून पाहूं. बुंध्यावर भोक व भुसा दिसला, तर तें खोड पोखरणाऱ्या किड्याचें काम होय. परंतु जमिनीलगत सालींतून डिंक पाझरत असेल, व चाकूनें खरवडतां आंतली साल पांढुरकी न दिसतां तपकिरी दिसली, तर तो डिंक्या रोग समजावा. तो फायटोप्थोरा नांवाच्या, बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळें होतो. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यांतून पोहत जाऊन बारीक मुळांस व बुंध्यास लागतात. पानांनीं तयार केलेलें अन्न सालींतून मुळांस पोंचतें. साल सभोंवार कुजली म्हणजे मुळें उपाशी मरतात. झाड एकाएकीं मेलें असें आपणांस वाटतें, पण त्याचें मरण कित्येक महिने मातीखालीं चाललेलें असतें.

आपला जिल्हा धानाचा. बांधींत पाणी तुंबलें तर आपण देवाचे आभार मानतों. तेंच पाणी लिंबाच्या बुंध्याशीं तुंबलें तर झाडाचा घात होतो. म्हणून पाण्यास वाट करून द्यावी. बुंध्याभोवतीं लहान आळें करून त्याबाहेर दुसरें करावें, व पाणी बाहेरच्यांतच सोडावें. कलमाचा डोळा मातींत पुरूं नये. कुजलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून जाळावी, आणि त्या जागीं बोर्डो मलम लावावें : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. हीं लोखंडी भांड्यांत कालवूं नयेत. पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां बुंध्यास हें मलम फासावें. साल चहूंकडून कुजली असेल तर मात्र झाड वांचत नाहीं. तें मुळांसकट काढून जाळावें, व त्याच खड्ड्यांत लागलीच दुसरें लिंबू लावूं नये.

आयर्लंड देशांत 1845 सालीं ह्याच कुळींतील रोगानें बटाट्याचें पीक सडलें व मोठा दुष्काळ पडला. पुष्कळांनीं तो ईश्वरी कोप मानला. पुढें 1861 सालीं आंतोन द बारी ह्या जर्मन विद्वानानें प्रयोग करून खरें कारण दाखविलें. कारण कळलें तेव्हां उपायाचा शोध शक्य झाला. नुसत्या आरोपानें एकही रोप वांचलें नव्हतें.

उपदेशक बंधूंनो, ज्या घरीं झाड वाळलें तेथें तुम्हीं कुजबुजेच्या आधीं पोंचावें, आणि घरधन्याबरोबर कुदळ घेऊन वांकावें. करणीचा आळ घेऊन कोणाचें जिणें कठीण करणें हा महाराष्ट्रांत 2013 च्या कायद्यानें गुन्हा आहे. परंतु ज्याला प्रभूचा दाखला ठाऊक आहे त्यानें कायद्याच्या भयाची वाट कां पाहावी? झाड गेलें तर चार वर्षांत दुसरें फळास येईल. शेजारणीचें नांव एकदां बाटविलें तर तें कोणत्या मलमानें भरून येणार?

आणि कुदळ हातीं असतांच प्रत्येकानें आपल्या अंतःकरणाचीही माती उकरून पाहावी. तेथेंही कुज आधीं मुळाशींच लागते, आणि वरचीं पानें पुष्कळ दिवस हिरवीं दिसत राहतात. माळ्यानें मागितलेली मुदत अजून सरलेली नाहीं.