अनुमानाचा अहवाल आणि प्रत्यक्षाचा आभास

पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीत ‘एक्स्प्लेन’ ही आज्ञा दिली असता क्वेरी, म्हणजे माहितीसाठी विचारलेला प्रश्न, कोणत्या मार्गाने सोडवली जाईल याचा अहवाल मिळतो. मात्र त्यातील खर्चाचे आकडे वेळेचे नसून तुलनेसाठी मानलेल्या एककांतले असतात आणि साठवलेल्या सांख्यिकीवरून केलेले ते निव्वळ अनुमान असते. न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेनुसार अनुमान व्याप्तीवर, म्हणजे हेतू आणि साध्य यांच्या अव्यभिचारी साहचर्यावर उभे राहते. येथे व्याप्तीच्या जागी एक गृहीतक असते: प्रणाली दोन स्तंभांवरील अटी सामान्यतः परस्परांपासून स्वतंत्र मानते. ‘शहर पुणे’ आणि ‘राज्य महाराष्ट्र’ या अटींच्या संभाव्यता ती गुणते, वस्तुतः पहिलीत दुसरी सामावलेलीच असते, आणि म्हणून ओळींचा अंदाज वास्तवाहून कमी निघतो. (2017 सालच्या दहाव्या आवृत्तीपासून अशा परस्परावलंबनाची सांख्यिकी ठेवता येते, पण ती मुद्दाम मागावी लागते.)

‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’ क्वेरी खरोखर चालवते, म्हणून तिचा अहवाल प्रत्यक्षासारखा भासतो. तरीही त्यातील वेळ प्रत्येक आवर्तनाची सरासरी असते आणि मोजणीच्या क्रियेचा भारही तीत मिसळतो. कल्पनारहित ज्ञानालाच प्रत्यक्ष मानणारा बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नाग या आकड्यांना ती पदवी देणार नाही. सविकल्पक, म्हणजे कल्पनायुक्त, प्रत्यक्षही स्वीकारणारे नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) ती देतील, परंतु दोषांची परीक्षा करूनच. हीच भूमिका अधिक ग्राह्य वाटते, कारण ती अंदाजित आणि वास्तविक ओळींमधील तफावत प्रथम तपासायला लावते आणि कोणती व्याप्ती कोठे मोडली हे त्या तफावतीच्या जागीच शोधता येते.