'सगोत्र' म्हणजे काय रे?

गेल्या गणपतीत आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत 'संगीत शारदा'चं वाचन करायचं ठरलं. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९चं. "कळायला पाहिजे, नाहीतर पोरं मोबाईल काढतील," म्हणत मित्रांनी भाषा सोपी करायचं काम माझ्यावर टाकलं. मी सॉफ्टवेअरवाला. जुन्या शब्दांची यादी केली, समोर आजचे शब्द लिहिले आणि फाइंड-रिप्लेस सुरू केलं.

त्यात 'सगोत्र'चं मी 'नात्यातले' केलं.

नाटकात म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघतो. पैशाच्या लोभाने तिचा बाप कांचनभट तयार होतो. ते लग्न मोडतं कशामुळे? मुलीला नको म्हणून नाही, तिचं वय लहान म्हणूनही नाही. दोघं सगोत्र निघतात म्हणून. गोत्र एक असलं की शास्त्राने लग्न निषिद्ध. जवळचं नातं असायची गरज नाही. 'नात्यातले' ऐकून आजच्या माणसाला वाटेल, बरोबरच आहे, नात्यात कशाला करायचं? आणि तिच्या नकाराला काहीच किंमत नव्हती, हे निसटून जाईल. शब्द सोपा करताना मी अन्यायही सौम्य करून टाकला होता.

अवघड शब्द निदान एरर देतो. आपण थांबतो, विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द जास्त फसवतो. प्रोग्राम चालतो, उत्तर चुकीचं येतं. शेक्सपिअरच्या नाटकांत 'प्रेझेंटली' म्हणजे बहुधा 'लगेच'. आज 'थोड्या वेळाने'. आजी एकदा म्हणाली, "माझ्या आईचं लग्न ती थोर झाल्यावर झालं." मी हसलो. माझ्या डोक्यात थोर म्हणजे पुतळे असलेली माणसं. तिला म्हणायचं होतं 'मोठी झाल्यावर'. 'लहानथोर'मध्ये तो अर्थ अजून आहे.

"किती मोठी?"

"बारा वर्षांची."

मुलींसाठी चौदा वर्षांची अट घालणारा कायदा १९२९चा. हे लग्न त्याआधीचं. माझं हसू तिथेच थांबलं.

पण मित्रांचं म्हणणंही खोटं नाही. देवलांनी त्यांच्या प्रेक्षकांना कळेल असंच लिहिलं होतं. नाटक समोरच्यापर्यंत पोहोचलं नाही तर शब्द जपून काय उपयोग? मग देवलांशी प्रामाणिक राहायचं म्हणजे त्यांचे शब्द राखायचे, की त्यांचं कळणं राखायचं?

माझ्यापुरतं उत्तर असं: नुसती बोलण्याची ढब जुनी असेल तिथे खुशाल बदला. पण शब्दाबरोबर त्या काळाचा नियमच पुसला जात असेल, तर हात लावू नका. त्यापेक्षा दोन मिनिटं थांबून अर्थ सांगा.

आम्ही तेच केलं. 'सगोत्र' परत जागेवर आला. वाचनाआधी मी अर्थ सांगितला, तेव्हा मागून एका अकरावीतल्या मुलीने विचारलं, "म्हणजे गोत्र वेगळं असतं, तर लग्न लागलं असतं?"

"हो," मी म्हटलं.

त्यानंतर कोणी मोबाईल काढला नाही.