पिवळ्या पानाचा फोटो

२०२३ चा सप्टेंबर. ऑगस्टभर पावसाने ओढ दिली होती आणि मराठवाड्यात सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं. शेतकऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या एका तरुणाने पानाचा फोटो टाकला आणि खाली विचारलं, "काय फवारू?" तासाभरात अकरा उत्तरं आली. त्यातलं एक माझं होतं. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून गटात मला सगळे 'सर' म्हणतात. मी लिहिलं, लोहाची कमतरता दिसते, फेरस सल्फेट फवारा. त्याने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं आणि मी दुसऱ्या कामाला लागलो.

आठवड्याने त्याचा फोन आला. "सर, तुम्ही सांगितलं म्हणून तेच फवारलं. बाकी कुणाचं ऐकलं नाही. पण आता शेजारच्या तासाची झाडंबी पिवळी पडायलीत." दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वावरात गेलो. पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे ठिगळ होते आणि झाड हलवलं की पांढऱ्या माशा उडत होत्या. तो पिवळा मोझॅक होता.

सोयाबीनचं पान अनेक कारणांनी पिवळं पडतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असून मुळांना मिळत नाही, तेव्हा शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. वावरात पाणी साचून मुळं गुदमरली तरी पिवळेपणा येतो. मोझॅक हा विषाणूचा रोग आहे, तो पांढरी माशी पसरवते आणि लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही. सुरुवातीलाच अशी झाडं उपटून नष्ट करायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा, एवढंच हाती असतं. हे सगळं मला पाठ होतं, वर्गात शिकवलेलं होतं. तरी मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. पान वरचं की खालचं? एकच झाड आहे की सगळं वावर? माशी दिसते का? हे तीन प्रश्न टंकायला एक मिनिट पुरलं असतं. ते वाचवलं आणि त्याचे आठ दिवस घालवले.

इंटरनेटवरच्या चुकीच्या माहितीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. माझी माहिती चुकीची नव्हती. ती दुसऱ्या कुठल्या तरी वावरासाठी बरोबर होती, आणि हे मला जास्त लागतं. पूर्वी गावात सल्ला देणारा माणूस त्याच शिवारात राहायचा. त्याच्या सांगण्याने शेजाऱ्याचं पीक गेलं तर येता-जाता त्याला ते दिसायचं, पारावर बसलं की विषय निघायचा. फोनवरून शिकवणाऱ्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही. चित्रफीत टाकली, हजारो जणांनी पाहिली, काम झालं. पाहणाऱ्यांपैकी कुणाचं काय झालं, हे त्याला कळायला वाटच नाही. फवारणीच्या बाबतीत तर हे फार भयंकर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते आठवलं की दोन-तीन औषधं एकत्र करायला सांगणाऱ्या चित्रफिती पाहताना माझ्या पोटात गोळा येतो. एक लिटर पाण्यात किती, तोंडाला काय बांधायचं, वारा कुठला असावा, यातलं त्यांत बहुधा काही नसतं.

आपल्याच परभणीत शिकवण्याचा दुसरा एक नमुना आहे. इथलं कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. भेंडीवरचा केवडा हासुद्धा पांढऱ्या माशीनेच पसरणारा विषाणूरोग. तो सहन करणारी भेंडी इथल्या एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी रानटी जातीशी संकर करून तयार केली आणि १९८६ साली तिचा सगळा तपशील आपल्या नावानिशी प्रसिद्ध केला. तीच 'परभणी क्रांती'. संकर कुठल्या जातींचा, पुढच्या पिढ्यांत निवड कशी केली, सगळं उघड. पुढे काही भागांत या वाणावरही केवडा दिसू लागला, आणि इतर अभ्यासकांनी तेही लिहून ठेवलं. नाव आणि रीत दोन्ही समोर असली की चूक दाखवायला जागा राहते.

फोनवरून चांगलं शिकवताच येत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ च्या परतीच्या पावसात काढणीचं सोयाबीन भिजलं होतं. २०२० च्या खरिपात राज्यभर बियाणं न उगवल्याच्या तक्रारी आल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्यांची दखल घेतली. टाळेबंदीमुळे गावात मेळावा घेणं अवघड होतं. त्या दिवसांत घरच्या बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासायची, हे फोनवरून घरोघरी गेलं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे. शंभरात सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं, कमी उगवले तर त्या मानाने वाढवायचं. ही शिकवण मला फार मोलाची वाटते. ती सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायला लावत नाही. बियाणं तुमचं, गोणपाट तुमचं, मोजणारे तुम्ही. सांगणारा चुकला असेल तर सहाव्या दिवशी तुमच्या अंगणातच कळतं.

तो तरुण माझ्यावर रागावला नाही. तो रागावला असता तर मला हलकं वाटलं असतं. त्याने फोन करून काय झालं ते सांगितलं, हे त्याचे माझ्यावर उपकार आहेत. बाकीच्या दहा जणांना त्यांचं उत्तर बरोबर होतं की चूक, ते अजून ठाऊक नसेल. त्या हंगामात गटात मी माझी चूक लिहिली, आधीच्या सल्ल्याखाली, त्याच जागी. कुणी फोटो टाकला तर आता उत्तराआधी प्रश्न लिहितो आणि वहीत तारीख टिपून ठेवतो. आठ-दहा दिवसांनी मीच विचारतो, झाडाचं काय झालं? काही जण कळवतात, काही कळवत नाहीत.

परवा त्याच्याच गावातून आणखी एक फोटो आला. पुन्हा सोयाबीन, पुन्हा पिवळं पान, पुन्हा "काय फवारू?" मी विचारलं, पान शेंड्याचं आहे की बुडाचं, आणि शिरा हिरव्या आहेत का. बराच वेळ काही आलं नाही. मग एक ओळ आली : "थांबा सर, वावरात जाऊन बघून सांगतो."