पहिला ओरखडा

गेल्या पावसाळ्यात बुधवार पेठेतली आमची गल्ली खणून ठेवली होती. कोणी खणली, का खणली, असले प्रश्न इथले जुने रहिवासी विचारत नाहीत. उडी मारतात. अशाच एका खड्ड्याच्या काठावर मी धीर गोळा करत उभा असताना पलीकडून आमचा भाचा बंड्या ओरडला, "मामा, तुम्हाला आता स्टेराटोच पाहिजे!"

मला वाटलं, गुडघेदुखीवरचं नवीन औषध असेल.

निघाली मोटार. लॅम्बोर्गिनी या इटालियन कंपनीने २०२२ साली जाहीर केलेली हुराकान स्टेराटो. स्टेराटो म्हणजे कच्चा रस्ता. जात शर्यतीच्या ठेंगण्या गाडीची, पण मातीत पळावी म्हणून मूळ गाडीपेक्षा ४४ मिलिमीटर, म्हणजे आपली अडीच बोटं, वर उचललेली. अश्वशक्ती ६१०. धुळीत गुदमरू नये म्हणून श्वास घ्यायची सोय टपावर. भारतात आली तेव्हा किंमत होती ४ कोटी ६१ लाख आणि साऱ्या जगात मिळून नग फक्त १४९९.

"पंधराशे का नाहीत रे?"

"मामा, त्यातच तर गंमत आहे!"

खरंच गंमत आहे. आपल्याकडे एक रुपया कमी केला की वस्तू स्वस्त वाटते, तिकडे एक नग कमी केला की महाग वाटते.

पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळू लागला. गाडी बनवायची चिखलासाठी, आणि ती इतकी दुर्मिळ करायची की चिखलात घालायची छातीच होऊ नये! माझं विचाराल तर मी जोगेश्वरीपुढे नारळ फोडून तिला सरळ चादरीखाली झाकून ठेवली असती. मग वस्तूचा मान कशात? जपण्यात, की ज्यासाठी ती घडली त्यात झिजवण्यात?

हसू नका. घरोघरी एकेक स्टेराटो असते. आमच्याकडची आईच्या ट्रंकेत होती. मोरपंखी पैठणी. माझ्या मुंजीत तिने ती नेसली नाही, होमाची ठिणगी उडेल म्हणून. ताईच्या लग्नात नाही, पंगतीत डाग पडेल म्हणून. माझ्या लग्नात तर बाहेर काढली, हात फिरवला आणि पुन्हा घडी घातली. "नातवाच्या बारशाला नेसेन." बारशाला पाऊस होता.

आई गेल्यावर चौदाव्या दिवशी आम्ही ट्रंक उघडली. पैठणी घडीघडीवर विरली होती. उचलली तशी हातात पट्ट्या आल्या. डाग मात्र एकही नव्हता.

हे बंड्याला सांगितलं, तर तो गप्प झाला. आमची ही मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हे. "म्हणून काय रोज पैठणी नेसून भांडी घासायची?" तिचंही बरोबर आहे. जपलं नसतं तर आजोबांचं घड्याळ माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. पण ते घड्याळ मी रोज किल्ली देऊन वापरतो. जपणं वापरासाठी असावं. वापर टाळण्यासाठी जपायला लागलो की आपण वस्तूचे मालक उरत नाही, पहारेकरी होतो. आणि वस्तूंचं तरी काय घेऊन बसलात? १४९९ म्हणजे दुर्मिळ, तर माझ्यासारख्याची प्रत एकच निघाली. तीही मी साठ वर्षं चादरीखालीच ठेवली की!

रात्री कपाटावरचं खोकं काढलं. निवृत्त झालो तेव्हा राजगड चढायचा म्हणून जाड तळव्याचे बूट घेतले होते. त्याला चार वर्षं झाली. आधी ऊन होतं, मग पाऊस, मग गुडघे.

सकाळी तेच घालून दूध आणायला निघालो. राजगड नाही, पण गल्ली काही कमी नव्हती. दुसऱ्याच खड्ड्याशी उजव्या बुटाला दगड घासला. चांगला बोटभर ओरखडा.

दारातच हिने पाहिलं. "अहो, नवेकोरे बूट खराब केलेत?"

"खराब नाही," मी म्हणालो, "सुरू केले."