जाड भिंतीचा भरवसा

भिंत जितकी जाड तितके घर भक्कम, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती खोटी नव्हे. वरून येणारा भार जाड भिंत निमूटपणे पेलते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली, आणि तीच भिंत घरच्यांची वैरीण झाली. आत एक, बाहेर एक असे दगडांचे दोन थर, मधे दगडगोटे आणि माती. दोहोंना सांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेली माती. आदल्याच दिवशी गणपती बोळवून झोपलेल्या त्या मुलखात सुमारे १०,००० माणसे दगावली.

गवंड्यांना हात होता, नियमही पाठ होता; त्यामागचे कारण मात्र त्यांना कुणी सांगितले नव्हते. मग मनात येते, 'कसे' शिकविणाऱ्याने 'का' हेही सांगितलेच पाहिजे काय?

मी जतचा साधा शाळामास्तर. वर्गात मी लाकडी फूटपट्टी दोन पुस्तकांवर ठेवतो आणि मधे बोटाने दाबतो. चपटी ठेवली की ती वाकते. कडेवर उभी धरली की ढिम्म हलत नाही. तुळईची रुंदी दुप्पट केली तर बळ दुप्पट होते, उंची दुप्पट केली तर चौपट! हे कळलेले पोर घरी जाऊन आढ्याकडे पाहू लागते.

कुणी म्हणेल, गवंड्याला हे कशाला? हात बसला की झाले. पण नुसता सरावलेला हात ओळखीच्या संकटापुरताच शहाणा असतो. उलट, ज्याने कधी ओळंबा धरला नाही, त्याची सूत्रे कागदावरच राहतात. पुण्यात १८५४ पासून, सांगलीत १९४७ पासून स्थापत्याचे शिक्षण मिळते आहे. तरी भिंतीत दगड बसवितो तो गवंडीच.

मी कादंबऱ्याही लिहितो. कादंबरी फसली तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. फसलेल्या भिंतीखाली माणूस निजलेला असतो. तो वर्गात कधीच येत नाही. पण शिकविणारा खरा देणेकरी त्याचाच.

तेव्हा वाचकहो, दिवाळीला भिंती रंगविताना मुलाने "ही उभी कशी राहते?" असे विचारले, तर त्याला दटावू नका. उत्तर ठाऊक नसेल तर दोघे मिळून गवंड्याकडे जा. कदाचित तोही त्याच प्रश्नाची वाट पाहत असेल.