आधी त्याच्या ट्राममध्ये बस

पुणे

चि. राणीस,


तुझं पत्र मिळालं. तू भातुकली मांडतेस, बाहुलीला घास भरवतेस आणि तुझा लेक मात्र पाठ फिरवून काड्यापेट्यांची रांग लावत बसतो. ‘मावशी, ऑटिझम असलेल्या मुलांना कल्पनाशक्तीच नसते का गं?’ असं तू विचारलंस. या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्या घरीच पाहून आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कोलकात्यात तुमच्याकडे होते तेव्हा एका दुपारी त्याच्याशेजारी फरशीवर तासभर नुसती बसून राहिले. त्या काड्यापेट्या तो फरशीच्या सांध्यावरूनच सरकवत होता. दोन पेट्या एकमेकींना टेकलेल्या, पुढची आणि मागची. मध्येच तो थांबायचा, उजवा पाय दोनदा आपटायचा आणि मग रांग पुढे न्यायचा. हे पाय आपटणं मला आधी कळेना. मग आठवलं, आदल्या दिवशी गरियाहाटहून ट्रामने एस्प्लनेडला जाताना आपण ड्रायव्हरच्या मागेच उभे होतो. कोलकात्याच्या ट्रामची घंटा ड्रायव्हर पायाने वाजवतो! फरशीचा सांधा म्हणजे रूळ, पेट्या म्हणजे डबे आणि तुझा लेक म्हणजे ड्रायव्हर. एवढा मोठा खेळ तुझ्या बैठकीत रोज चालू आहे गं.

प्रत्येक मुलाच्या रांगेत अशी ट्राम दडलेली असतेच असं नाही. कित्येकांना रांगेचा, चकाकीचा, फिरणाऱ्या चाकाचाच आनंद असतो आणि तोही खेळच. पण कल्पनाशक्ती नाही असं आपण ठरवून टाकलं, की बघणंच बंद होतं. ही मुलं आपणहून खोटं-खोटं खेळताना कमी दिसतात, हे खरं. मात्र कुणी हलकेच सुरुवात करून दिली, सोबत केली, तर त्यांतली बरीच मुलं असा खेळ खेळू शकतात, हे 1980च्या दशकातल्या प्रयोगांतही दिसलं होतं.

माझी एक चूक तुला सांगते. अशा मुलांसोबतच्या माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलीचा हात धरून तिच्याकडून बाहुलीला घास भरवून घ्यायची. दहा वेळा, वीस वेळा. ती रडायची आणि मी वहीत ‘जमलं’ म्हणून खूण करायची. महिन्याभराने बाहुली दिसली की ती खोलीबाहेर पळू लागली. खेळाचा मी धडा करून टाकला होता. त्या मुलीची आठवण आली की आजही वाईट वाटतं. तू असं करू नकोस.

आधी त्याच्या ट्राममध्ये बस. तुझ्याही चार काड्यापेट्या घे, शेजारचा सांधा धर आणि तो करेल तसंच कर. प्रश्न विचारू नकोस. ‘हे काय आहे? कुठला रंग?’ ही परीक्षा झाली. त्याऐवजी नुसतं बोल: ‘ट्राम निघाली. टण टण.’ काही दिवसांनी तो तुझ्या पेट्यांकडे चोरून बघेल. मग एकच नवी गोष्ट आण. कपडे वाळत घालायचा चिमटा पेटीवर ठेव आणि म्हण, ‘आजी पार्क सर्कसला उतरणार.’ त्याने चिमटा काढून टाकला तर टाकू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेव. एका वेळी एकच बदल आणि बाकी सगळं जसंच्या तसं. तोच खेळ वीस वेळा झाला तरी कंटाळू नकोस, त्या ओळखीच्या वाटेवरच त्याला नवं काही सोसतं.

अ‍ॅलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये खोटं-खोटं खेळाचे तीन प्रकार मांडले. एका वस्तूला दुसरी समजणं, वस्तूला नसलेला गुण देणं आणि जे नाहीच ते आहे असं मानणं. घरात हे सोपं आहे. पेटीची ट्राम झाली, हा पहिला. गार झालेला चहा ‘हाऽऽ, गरम!’ म्हणत फुंकला, हा दुसरा. रिकाम्या हातावर तिकीट ठेवलं, हा तिसरा आणि बहुधा सगळ्यांत अवघड. म्हणून खऱ्यासारख्या वस्तूंपासून सुरुवात कर. आधी खरं जुनं तिकीट, मग कागदाचा कपटा, मग नुसता तळहात. आणि प्रत्येक वेळी ‘खोटं-खोटं हं’ असं म्हणत जा. ही मुलं अनेकदा शब्द जसाच्या तसा घेतात. आपल्या भाषेतल्या या जोडशब्दाने त्यांना खेळाची हद्द कळायला मदत होऊ शकते.

दुर्गापूजेचे दिवस येतील तेव्हा हाच खेळ कामी येईल. ढाक या ढोलाचा आवाज, रोषणाई आणि गर्दी त्याला एकदम झेपणार नाही. आधी घरात उशांचा मांडव घाला, डब्यावर हळू ढाक वाजवा, कान झाकायचे कसे ते बाहुलीला दाखवा. आत जाणं, बघणं, बाहेर येणं असे तीन फोटो क्रमाने भिंतीवर लावा. मग खऱ्या मांडवात सकाळी लवकर, गर्दी नसताना न्या. केस कापणं, दात तपासणं यांचीही तालीम अशीच करता येते.

तो कानांवर हात ठेवू लागला, दूर सरकला, की थांब. दहा मिनिटांचा हसरा खेळ पुरेसा आहे. त्याची रांग मोडून आपला खेळ सुरू करायचा नाही.

कुणी सांगितलं म्हणून घरातली मराठी सोडू नकोस. दोन भाषांमुळे या मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. शेजारची छोटी बंगालीत ‘रान्नाबाटी’ खेळते ना? ती आपली भातुकलीच. तिला त्याच्या ट्रामची प्रवासी होऊ दे, पण दोघंच असू देत, घोळका नको. तो कार्टूनमधलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो म्हणून तू चिडतेस. तेच वाक्य एकदा कंडक्टरच्या तोंडी घालून बघ.

एकटी पडू नकोस. ऑटिझम सोसायटी वेस्ट बेंगॉलमध्ये जा, तिथे तुझ्यासारखे आईवडील भेटतील. दिव्यांग हक्कांच्या 2016च्या कायद्यात ऑटिझमचा स्वतंत्र उल्लेख आहे. शाळेत काही मागताना संकोच करू नकोस, तो त्याचा हक्क आहे.

इतर मुलांसारखा तो कधी खेळेल, हे मी सांगू शकत नाही. पण आज संध्याकाळी भातुकली कपाटात ठेव आणि त्याच्या शेजारी जाऊन बस. त्याने पाय आपटला, की तूही आपट. त्याने तुझ्याकडे पाहिलं, तर मला लगेच कळव. नाही पाहिलं तरी कळव.

तुझी,
मावशी