विझलेला नंदादीप आणि सासूबाईंची ओटी

शंका : आमच्या घरी नवरात्राचे घट असतात. सासरे जाऊन दोन वर्षे झाली. तोवर घट बसवणे, रोजची माळ, अष्टमीची ओटी हे सगळे सासूबाईंच्या हातचे. आता त्या धान्य निवडतात, शेतातली काळी माती चाळून देतात आणि पूजा सुरू झाली की स्वयंपाकघरात जाऊन बसतात. ओटी मीच भरावी असा चुलत सासऱ्यांचा आग्रह आहे. गेल्या वर्षी सहाव्या माळेच्या रात्री नंदादीप विझला. नेहमीचे गुरुजी म्हणाले, देवीचा कोप आहे, शांत करावी लागेल. कारण घरातच शोधा. त्यांचा रोख सासूबाईंकडे होता. शांतीचा खर्च त्यांनी २१ हजार सांगितला. आम्ही केली नाही, पण मनात धाकधूक आहे. यंदा काय करावे? शिवाय सासूबाईंना मधुमेह आहे आणि नऊ दिवसांचा उपास सोडायला त्या तयार नाहीत.
– एक भगिनी, जिल्हा सातारा

समाधान : ताई, आधी दिव्याचे बघू. समई विझते ती तेल संपल्याने, काजळी धरल्याने, वात आखडून तेलात बुडाल्याने किंवा कुणीतरी झोपेत पंख्याचे बटण दाबल्याने. जुन्या घरांत आणखी एक कारण असते, उंदीर. तेलात भिजलेली वात तो ओढून नेतो. तुमच्याकडे गेल्या वर्षी यातले काय झाले ते मला माहीत नाही, पण कोपाचा विचार करण्याआधी एवढी चौकशी व्हायला हवी होती. यंदा वात जाड घ्या, निजण्यापूर्वी काजळी झाडून तेल घाला, शेजारी एक छोटे निरांजन तेवत ठेवा म्हणजे समई विझली तरी त्यावरून लावता येईल. पडदा लांब सरकवा. एवढे करूनही विझली तर हात-पाय धुवा, देवीचे नाव घ्या, पुन्हा लावा आणि झोपा.

प्रमाण हवे असेल तर एकच देतो, कारण ते मला पुरेसे वाटते. सप्तशतीच्या बाराव्या अध्यायात देवी स्वतः बोलते आहे. पूजा, बली, होम कुणी विधी जाणून केला असो वा न जाणता, मी तो प्रेमाने स्वीकारीन, असे ती सांगते. आणि लगेच पुढे शरद ऋतूतल्या वार्षिक महापूजेचा, म्हणजे आपल्या याच नवरात्राचा उल्लेख येतो. चुका होणारच हे धरून देवीने आधीच अभय देऊन ठेवले आहे. ज्या ग्रंथाचा पाठ नऊ दिवस घरोघरी चालतो, त्यातच हे आहे.

म्हणून मला राग येतो तो यजमानांचा नाही, गुरुजींचा येतो. यजमान बिचारा संस्कृत जाणत नाही. पाठ चालू असताना तो नैवेद्याच्या गडबडीत असतो. पण बारावा अध्याय ज्यांच्या तोंडी आहे, त्यांनी पोथी मिटली की विझलेल्या वातीतून २१ हजारांची शांत काढावी? भिक्षुकी हा कष्टाचा व्यवसाय आहे, पहाटे उठून चार घरचे घट बसवायचे आणि दुपारपर्यंत घसा कोरडा करायचा हे सोपे नाही. त्याची दक्षिणा सढळ हाताने द्यावी, घासाघीस करू नये. मात्र ती पाठाची दक्षिणा असते, भीतीची नव्हे. आरसा फुटला, नारळ नासका निघाला, घटातले धान्य कमी उगवले की लगेच दोष आणि लगेच उपाय. नारळ नासका निघाला याचा अर्थ दुकानदाराने जुना माल खपवला, बस्स. धान्य उगवले नाही तर पाणी जास्त झाले असेल. घटाखालच्या मातीत रोज तांब्याने पाणी ओतणारी उत्साही घरे मी पाहिली आहेत, तिथे गहू कुजतो आणि खापर नशिबावर फुटते.

त्याहून वाईट म्हणजे तो 'रोख'. ज्या बाईने इतकी वर्षे घराची देवी सांभाळली, तिच्याकडे नवरा गेल्यावर बोट दाखवायचे याला मी धर्म म्हणणार नाही. सप्तशतीच्याच अकराव्या अध्यायात देव स्तुती करतात तेव्हा जगातल्या सगळ्या स्त्रिया ही तुझीच रूपे आहेत असे म्हणतात. 'सवाष्णी तेवढ्या' अशी पुरवणी तिथे नाही. दशमहाविद्यांत धूमावती आहे, तिचे वर्णनच विधवेचे आहे: म्हातारी, मळक्या वस्त्रातली, हातात सूप, ध्वजावर कावळा. मध्य प्रदेशात दतियाच्या पीतांबरा पीठात तिचे देऊळ आहे आणि गंमत म्हणजे तिथे परंपरेने सवाष्णींनीच दर्शन घेऊ नये असे सांगतात! एका ठिकाणी ही नको, दुसऱ्या ठिकाणी ती नको. यात देवीची इच्छा कुठली आणि माणसांची सोय कुठली, ते तुम्हीच ठरवा.

चुलत सासऱ्यांना ग्रंथ पटत नसतील तर अहिल्याबाई होळकरांचे नाव सांगा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव गेले. त्यानंतरच्या आयुष्यात त्यांनी देशभर देवळे आणि घाट बांधले, काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. त्या देवळात आपण रांग लावून दर्शन घ्यायचे आणि घरातल्या वैधव्य आलेल्या बाईला माजघरात बसवायचे, हे कसे जमते? कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तेच करायला सुचवले. गाव बदलू शकते, तर एक देवघर का नाही?

तेव्हा यंदा ओटी सासूबाईंनी भरावी. पण ताई, जबरदस्ती करू नका. दोन वर्षांत त्यांनी स्वतःलाही पटवले असेल की आपण आता बाजूला. चारचौघांत 'आई, तुम्हीच भरा' म्हणालात तर त्या मागे सरतील. घटस्थापनेच्या आदल्या रात्री, तुम्ही दोघीच असताना, माती परडीत पसरायला त्यांना सांगा; 'मला जमत नाही, घट तिरका बसतो' म्हणा. एकदा हात मातीत गेला की अष्टमीला खणाची घडी त्याच घालतील. कुंकू लावायचे की नाही हे त्यांचे त्यांना ठरवू द्या.

ओटीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ती तयार पाकिटे आणू नका. देवळाबाहेर पन्नास-साठ रुपयांना मिळतात. त्यातला खण एवढासा, की बाहुलीची चोळीही व्हायची नाही, वर चकाकणारी जरी आणि प्लॅस्टिकच्या बांगड्या. ते देवीपुढे ठेवायचे, तासाभराने ते टोपल्यात जायचे आणि टोपले कित्येकदा पुन्हा त्याच टपरीवर. यात देवीला काय मिळाले? नेसता येईल अशी एकच सुती साडी घ्या, पदरात घरचे तांदूळ किंवा गहू, नारळ, हळकुंड, सुपारी. दसऱ्याला देव उठले की ती साडी जिला खरोखर नेसायची आहे तिला द्या. तुमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई असेल, शेतावर खुरपणीला येणारी असेल. नऊ दिवसांच्या नऊ रंगांच्या साड्यांना शास्त्राचा आधार शोधू नका, तो मिळणार नाही. नेसायची हौस असेल तर हौस म्हणून नेसा.

उपासाचे थोडक्यात. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना नऊ दिवस रिकाम्या पोटी राहणे धोक्याचे, आणि साबुदाणा, बटाटा, रताळे खाऊन उपास केला तर साखर चढते ती वेगळीच. उठता-बसता उपास करण्याची चाल घरोघरी आहे, पहिला दिवस आणि शेवटचा. तेही डॉक्टरांना विचारून, आणि वेळेवर काही खाऊन. त्यांना माळ करायला आवडत असेल तर रोज झेंडूची माळ त्यांनीच ओवावी, तीच त्यांची सेवा.

राहता राहिले गुरुजी. त्यांना पाठाला जरूर बोलवा, दक्षिणा आधी विचारून ठेवा आणि शांतीचा विषय त्यांनी पुन्हा काढलाच, तर सप्तशतीच्या बाराव्या अध्यायापाशी खूण घालून पोथी त्यांच्यापुढे ठेवा व अर्थ सांगायची विनंती करा. ओटी भरायला सासूबाई पुढे आल्या की त्यांनी मंत्र म्हणायचे की उठून जायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. उठून गेले तर मंत्रावाचून भरा.